नेहमीपेक्षा जास्त आजारी आहेत का?

आबांनी सगळी नोकरी समुद्राची केली, पण ती खडकवासल्यात. धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं. तिथल्या लांबरुंद शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधतात, यंत्रानं लाटा उठवतात आणि धक्का कुठं घ्यावा, लाटा अडवणारी भिंत किती लांब न्यावी हे त्या पाण्यात मोजून ठरवतात. आबा, म्हणजे माझे सासरे, तिथं तंत्रसहायक होते. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी कितीतरी बंदरांतल्या लाटांची उंची टिपली. घरी आल्यावरही बोलणं तेच. जलाशयाच्या पलीकडच्या काठाला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, मुलं शिडाच्या होड्या शिकताना दिसली की आबा थांबून बघत राहायचे. खऱ्या जहाजात मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, एवढाच त्यांचा सागरी प्रवास.

म्हणून डिसेंबर 2025 मध्ये मुंबईहून गोव्यामार्गे लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. आबा, मी, नवरा आणि आठवीतला मुलगा. दोन केबिन घेतल्या. एकीत आबा आणि नातू, शेजारच्या केबिनमध्ये आम्ही दोघं. चढताना एक कागद भरून घेतला होता: गेल्या काही दिवसांत उलटी, जुलाब, ताप? आम्ही चौघांनीही ‘नाही’ लिहिलं आणि ते खरं होतं.

त्या रात्री मुलाला उलटी झाली. जेवणाच्या टेबलावर ओळख झालेल्या काकू म्हणाल्या, ‘बोट लागली असेल.’ केबिन आवरणारा मुलगाही तेच म्हणाला. नवऱ्यानं गोळी दिली, मी आवळासुपारी दिली. जहाज हलत होतं, त्यामुळे दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. मला घाट लागतो, तशी याला बोट लागली. पण पहाटेपर्यंत समुद्र अगदी शांत झाला, इंजिनाची घरघर सोडली तर काही जाणवेना, आणि मुलाच्या उलट्या काही थांबेनात. मग पोट दुखायला लागलं आणि जुलाब सुरू झाले.

हा फरक मला तिथं कळला, म्हणून इथं लिहून ठेवते. बोट लागते तेव्हा मळमळतं, घाम येतो, उलटी होते. पण जुलाब होत नाहीत, ताप येत नाही आणि पाणी शांत झालं की माणूस हळूहळू सावरतो. उलटीबरोबर पातळ जुलाब असतील, अंग मोडून आलं असेल, एकाच केबिनमधली दोन माणसं पाठोपाठ आडवी झाली असतील, तर ती बोट लागलेली नाही.

दुसरं माणूस म्हणजे आबा. दुपारी त्यांना एकदम भडभडून आलं. स्वच्छतागृहापर्यंतही पोचले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बीपीच्या गोळ्या चालू, आणि खिडकीबाहेर चहूकडे पाणी. मला काय करावं तेच सुचेना. गावात असतो तर आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं असतं, नाही जमलं तर रिक्षा करून धायरी फाट्याच्या पुढं कुठल्याही रुग्णालयात. इथं कुणाला हाक मारायची? जहाजावर दवाखाना असतो हेही मला ठाऊक नव्हतं. फोनजवळच्या चकचकीत कार्डावर स्पा होता, सलून होतं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात वैद्यकीय केंद्राचा नंबर.

तो फिरवायच्या आत काकूंनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘डॉक्टरला सांगू नका हं. खोलीत कोंडून ठेवतात. आमच्या यांनाही सकाळपासून होतंय. मी चहा-बिस्किटावर ठेवलंय, कुणाला सांगितलं नाही. पैसे भरलेत ना आपण.’ त्या प्रेमानंच सांगत होत्या. त्यांचे यजमान त्याच सकाळी नाश्त्याच्या रांगेत माझ्या पुढं उभे होते, पोह्यांचा डाव त्यांच्या हातातून मी घेतला होता. ते आठवलं आणि मी नंबर फिरवला.

नर्स आली ती हातमोजे, मास्क आणि प्लास्टिकचा एप्रन घालून. मागून डॉक्टर आले. केरळमधले, वयानं माझ्याहून लहान, शांत बोलणारे. त्यांनी आबांना तपासायच्या आधी एक छापील तक्ता काढला. पहिली उलटी किती वाजता? जुलाब किती वेळा? पातळ पाण्यासारखे की रक्त, शेम? ताप? कुठं जेवलात, काय खाल्लं, बर्फ घेतला का? केबिनमध्ये कोण कोण? आणि मग: जहाजावर चढण्याआधीच्या दोन दिवसांत कुठं होतात, पाणी कुठलं प्यायलात?

मी म्हटलं, खडकवासला. पुणे. त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं. ‘जीबीएस?’

आमच्या गावाचं नाव अरबी समुद्रात कुणीतरी त्या आजारानं ओळखावं, हे मला फार लागलं.

ज्यांना ते दिवस आठवत नसतील त्यांच्यासाठी सांगते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागातून, पुण्याच्या रुग्णालयांत एका विचित्र तक्रारीचे रुग्ण एकापाठोपाठ यायला लागले. पायांतली ताकद जायची, मग हातांतली, काहींना श्वासही घेता येईना. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. 1916 साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा, आणि इथं तो आठवड्याभरात डझनांनी दिसू लागला. केंद्राचं पथक आलं. शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. पुढं रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि मृत्यूही झाले. आमच्या मागच्या गल्लीतला एक तरुण व्हेंटिलेटरवर होता. तो वाचला, पण चालायला लागायला त्याला महिने लागले.

आणि त्या सगळ्याची सुरुवात होती साध्या जुलाबांनी. बहुतेक रुग्णांचं आधी काही दिवस किंवा एक-दोन आठवडे पोट बिघडलं होतं. कॅम्पिलोबॅक्टरच्या वरच्या आवरणाची घडण आपल्या मज्जातंतूंच्या आवरणातल्या घटकांसारखी असते. शरीर जंतूशी लढायला जी प्रतिपिंडं बनवतं, ती क्वचित आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. हजार माणसांना हा जंतुसंसर्ग झाला तर साधारण एकाला असं होतं, असं मानतात. तेव्हा पक्षाघाताचे रुग्ण दोनशे दिसत असतील तर त्यांच्या मागे नुसती पोटं बिघडलेली माणसं किती असतील? त्यांना कुणीही मोजलं नव्हतं. आम्ही स्वतःही नाही. ‘हवा बदललीय’, ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून ताक-भात खाऊन आम्ही सगळे कामाला जात होतो.

हे सगळं केबिनच्या त्या अरुंद जागेत माझ्या डोक्यात घोंघावत होतं. आबांच्या पायांना मी सारखा हात लावून बघत होते, मुंग्या येतात का विचारत होते. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते खाली वाकून आबांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि मला समजावून सांगितलं. एका केबिनमध्ये पाठोपाठ दोघं, एकदम सुरू झालेल्या उलट्या, पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही: हे चित्र नोरोव्हायरसचं वाटतं. जंतू अंगात गेल्यापासून साधारण 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो, एक ते तीन दिवस टिकतो आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. जीबीएसचा मुख्य संबंध कॅम्पिलोबॅक्टरशी. तरीही कुठल्याही जुलाबानंतर पुढचे तीन-चार आठवडे दोन्ही पायांत सारखीच कमजोरी, जिना चढताना गुडघे वळणं, हातापायांना मुंग्या, चेहरा ओढल्यासारखा वाटणं, गिळायला त्रास, यातलं काही दिसलं तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं; कारण इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा उपयोग जास्त.

हे ऐकल्यावर मी पायांना हात लावणं थांबवलं नाही, पण श्वास घेतला.

आबांचं म्हणणं एकच, ‘सलाईन लावा.’ आमच्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं कुणालाच वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, उलट्या थांबल्या नाहीत किंवा लघवी झाली नाही तर लावूच, आधी तोंडानं. मग आबांशी त्यांनी 1971 ची गोष्ट काढली. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजला. 30 टक्क्यांच्या आसपास असलेला तिथला मृत्यूदर 4 टक्क्यांच्या खाली आला. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आबा आयुष्यभर मोजमापं घेत आलेले. ‘मोजून’ हा शब्द त्यांना पटला असावा. त्यांनी पेला हातात घेतला.

ओआरएस करण्यात काय चुकू शकतं, असं मला वाटायचं. पण पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं असतं. आम्हाला दिलेली पुडी एक लिटरची होती आणि केबिनमधल्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या. एका बाटलीत सगळी पुडी टाकली तर ते मिश्रण दुप्पट खारट होतं आणि अपाय करतं. अंदाजानं अर्धी पुडी टाकली तर तीही कमीजास्त होते. नर्सनं केटलमध्ये दोन बाटल्या ओतल्या, पुडी पूर्ण टाकली, ढवळलं आणि वर वेळ लिहिली, कारण ते 24 तासांनी टाकून द्यायचं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमचा चमचा द्यायचं. तहान लागलीय म्हणून गटागटा प्यायलं की ते परत बाहेर येतं. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला. घरी पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. काकूंनी दारातून फळांच्या चवीचे दोन खोके आणून दिले होते, त्यावर मोठ्या अक्षरात ‘ओआरएस’. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचून ते बाजूला ठेवले. साखर फार, क्षार कमी. अशा गोड पेयांवर ‘ओआरएस’ छापायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे, पण जुना माल लोकांच्या पिशव्यांत होताच.

आबांच्या बीपीच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. ती डॉक्टरांनी त्रास थांबेपर्यंत बंद ठेवायला सांगितली. हे मला माहीत नव्हतं आणि मी ती गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता हातावर ठेवली असती. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे आजच विचारून ठेवावं: जुलाब-उलट्यांत कुठली गोळी थांबवायची? जुलाब एकदम बंद करणारी गोळी आमच्या प्रवासाच्या डब्यात होती, तीही द्यायची नाही म्हणाले. अँटिबायोटिक तर मागूही नका, विषाणूवर ते चालत नाही.

मग केबिनची सफाई झाली. दोन माणसं नखशिखांत झाकून आली. सांडलेलं कागदानं टिपून वेगळ्या पिशवीत, चादरी न झटकता गुंडाळून वेगळ्या पिशवीत, आणि मग क्लोरिनच्या द्रावणानं दाराची मूठ, नळ, दिव्याचं बटण, रिमोट, टेलिफोन, सगळं पुसलं. द्रावण लावून लगेच कोरडं करत नव्हते, थांबत होते. उलटीचे बारीक तुषार हवेत उडतात आणि दूरवर बसतात, म्हणून संडासाचं झाकण लावून मगच पाणी सोडा म्हणाले. जागोजागी टांगलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांवर माझा फार भरवसा होता. पण नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं, एवढंच चालतं. बरं वाटल्यावरही दोन आठवडे, कधी जास्त, हा विषाणू शौचावाटे बाहेर पडत राहतो. म्हणजे साबणाचा नेम घरी पोचल्यावरही सोडायचा नाही.

आबांना आणि मुलाला केबिनमध्येच राहायचं होतं, त्रास थांबल्यानंतर 48 तासांपर्यंत. मला वेगळं ठेवायला तयार होते, पण मी आबांपाशी राहिले आणि म्हणून मीही बाहेर जाऊ शकत नव्हते. नवरा शेजारच्या केबिनमध्ये, भिंतीवर टकटक करून विचारायचा. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाजवळ जहाज थांबलं. तिथं मोठं जहाज काठाला लागत नाही, छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. खिडकी उघडत नव्हती, पण दिसत होतं: बाहेर गडद निळं पाणी आणि प्रवाळाच्या रेषेच्या आत एकदम हिरवट फिकं. आबा उशीला टेकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘बघ, ती प्रवाळाची भिंत लाट कशी तोडतेय. आम्ही दगड रचून हेच करत होतो.’ आजारपणात त्यांनी स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं सरळ वाक्य. मला रडू आलं.

खायला काय द्यायचं हाही प्रश्न होता. मेन्यूवर सूप आणि टोस्ट. आबांना पेज हवी होती. फोनवर सांगताना मी अडखळले, पण पलीकडचा माणूस गोव्याचा निघाला. गोव्या-कोकणातली माणसं जहाजांच्या मुदपाकखान्यात पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. अर्ध्या तासात झाकलेल्या वाडग्यात उकड्या तांदळाची पेज आली, वर चिमूटभर मीठ. त्यानंतर मऊ भात आणि केळं. नोकरी करणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले तेव्हा आबांची लघवी झाली होती, जीभ ओली होती, बसल्यावर चक्कर नव्हती. त्यांना घाई नव्हती, तेव्हा मी विचारलं की तो तक्ता कशासाठी होता. त्यांनी जे सांगितलं त्यानं या प्रवासाचं सगळं माप माझ्यासाठी बदललं.

जहाजावर पोटाच्या प्रत्येक तक्रारीची नोंद होते. 24 तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलटीबरोबर ताप, पोटदुखी असं आणखी काही, की नाव वहीत. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तर तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेकडे हा आकडा कळवावाच लागतो आणि प्रवासी किंवा कर्मचाऱ्यांपैकी 3 टक्के आजारी पडले की ती साथ जाहीर होते. म्हणूनच ‘क्रूझवर साथ’ अशा बातम्या आपण सारख्या वाचतो. प्रत्यक्षात नोंदल्या गेलेल्या नोरोव्हायरसच्या साथींत जहाजांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. बाकीच्या होतात त्या वृद्धाश्रमांत, शाळांत, हॉटेलांत. या विषाणूचं नावच मुळी ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेवरून पडलं, 1968 साली तिथं मुलं आजारी पडली म्हणून. जहाज बदनाम होतं कारण तिथं मोजतात.

आणि आंतरराष्ट्रीय प्रवासावरून बंदरात शिरताना कप्तानाला आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागतं, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार. आपल्याकडे ते पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन बघते. त्या घोषणापत्रातला एक प्रश्न डॉक्टरांनी मला सांगितला: प्रवासात आजारी पडलेल्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे का?

तो प्रश्न मी डोक्यात घोळवत बसले. याचं उत्तर द्यायचं तर ‘नेहमी’ किती, हे आधी ठाऊक असावं लागतं. कुणीतरी रोज, साथ नसतानाही, लिहून ठेवावं लागतं. आमच्या पट्ट्यात जानेवारी 2025 च्या आधीच्या महिन्यात जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त होते का? मी त्या गावात राहते, आणि मला सांगता येत नाही. पाय लुळे पडलेली माणसं रुग्णालयात पोचली तेव्हा कळलं. तशी सरकारी व्यवस्था आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालू आहे, तीव्र जुलाबाचे आकडे त्यात जातात. पण जो माणूस औषधाच्या दुकानातून पट्टी घेऊन घरी जातो, जो कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे एकदाच जातो, जी बाई मुलाला साखर-मीठ-पाणी देऊन शाळेत पाठवते, ती सगळी माणसं त्या आकड्यात कशी येणार? काकूंचे यजमान जसे पोह्यांच्या रांगेत उभे होते, तसे आम्ही सगळे गावभर उभे होतो.

पाण्याचंही तेच. या जहाजाचं पाणी समुद्रातूनच काढलेलं, मीठ वेगळं करून, क्लोरिन घालून टाक्यांत भरलेलं. शेवटच्या नळाशी क्लोरिन किती उरलंय ते तपासून लिहितात. भारतीय मानकाप्रमाणे आपल्या घरच्या नळालाही ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. खडकवासला धरणातून पुण्याला पाणी जातं ते पर्वतीसारख्या जलकेंद्रांत गाळून, शुद्ध होऊन. धरण आमच्या दारात आहे. पण काठावरची गावं 2021 मध्ये महापालिकेत आली तरी विहिरीतून उचललेलं, गाळण न झालेलं, नुसतं क्लोरिन टाकलेलं पाणी पीत राहिली. साथीनंतर या रस्त्यावरचे सुमारे तीस खासगी आरओ प्रकल्प बंद केले गेले. ज्या जारच्या पाण्याला आम्ही जास्त सुरक्षित समजून पैसे देत होतो, तेच. मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या, पाणी उकळा म्हणून सांगितलं. घराघरांत पातेली चढली. काही महिन्यांनी ती पुन्हा फळीवर गेली.

आमचा आजार जहाजावरच्या जेवणातून आला, दुसऱ्या प्रवाशाकडून आला की आम्हीच खडकवासल्याहून नेला? 12 ते 48 तासांचं गणित मांडलं तर पहिल्याच रात्री आजारी पडलेला माझा मुलगा तो घरून किंवा वाटेवरच्या ढाब्यावरून घेऊन चढला असण्याची शक्यता जास्त. म्हणून जहाजाला दोष द्यायला मी तयार नाही. उलट, अडचणीत पडल्यावर काय विचारावं आणि ते कुठं लिहावं हे ज्यांना पाठ होतं अशी माणसं मला तिथं भेटली. उतरायच्या आदल्या दिवशी मी काकूंना गाठून त्यांच्या यजमानांचा त्रास डॉक्टरांना कळवायला सांगितलं. त्यांनी ऐकलं. त्या तक्त्यात त्यांचंही नाव गेलं.

आबा मुंबईला आपल्या पायांनी उतरले. पुढचे चार आठवडे मी त्यांना रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावत होते, जिन्याच्या पायऱ्या चढायला लावत होते. काहीही झालं नाही.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते क्लोरिन तपासायचं ओटी द्रावण मागवायचं. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे; पिवळी छटा आली तर क्लोरिन आहे, नाही आली तर नाही. गावात ग्रामपंचायत होती तेव्हा पाणी सोडणारा कर्मचारी क्लोरिनची टीसीएल पावडर टाकून हीच तपासणी करायचा, आबांना ती चांगली आठवते. आता ते ती रोज सकाळी करतात आणि तारीख घालून वहीत लिहितात. आमच्या गल्लीतल्या सात घरांनी आपापल्या घरातली पोटाची तक्रार त्याच वहीत कळवायचं कबूल केलं आहे.

सिंहगड रस्त्यावर, किरकटवाडीत, नांदेडमध्ये, धायरीत किंवा अशाच कुठल्याही गावात जे हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. घरात एकाच वेळी दोघांना जुलाब झाले तर ते जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा, औषध नको असलं तरी सांगा. आशाताई दारावर आल्या आणि ‘घरात कुणाला जुलाब?’ असं विचारलं तर घाईत ‘नाही’ म्हणू नका. आणि तुमच्या नळाच्या पाण्यात आज क्लोरिन आहे का, हे एकदा स्वतः तपासा. नसेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या.